रिकामा डबा परत जात नाही

जुलैत शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली त्याच दिवशी काहो माझ्या पार्लरमध्ये केस कापायला आली. तिला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि मानेमागची पट्टी आवळायला ओढली. पट्टी नुसती येतच राहिली. नऊ वर्षांची पोरगी, गाल आत गेलेले, मान काडीएवढी, आणि तोंड मात्र अखंड चालू.

ती मला शाळेतल्या शेवटच्या जेवणाची गोष्ट सांगत होती. करी-भात होता म्हणे. शाळेत जेवण उरलं की ते कुणाला द्यायचं हे मुलं दगड-कागद-कात्री खेळून ठरवतात, आणि काहो त्यात कधी हरत नाही. समोरच्याच्या खांद्याकडे बघत राहायचं, म्हणजे तो काय टाकणार ते आधीच कळतं, असं तिने मला मोठ्या गुप्तपणे सांगितलं. तिचे मास्तर तिला वर्गातली खादाड म्हणतात. सगळी मुलं हसतात आणि हीसुद्धा हसते.

"मग आता महिनाभर खादाडबाईंचं काय?" मी कात्री चालवता चालवता विचारलं.

"सुट्टीत मी फार हलत नाही, मावशी," ती आरशातून म्हणाली. "पडून राहिलं की भूक कमी लागते."

हे तिने असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की उन्हात टोपी घालते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर चिडायचं ते मात्र कळेना, म्हणून मी तिची मान उगाचच जोरात पुढे वाकवली आणि मानेवरचे केस साफ केले.

काहोची आई मुत्सुमी. ती समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. नवरा ओसाकाला गेला तो गेलाच. पोरीसाठी दमडी पाठवत नाही. मुत्सुमी सकाळी कोकुरा शहरातल्या एका हॉटेलात खोल्या साफ करायची आणि संध्याकाळी सुपरमार्केटात माल लावायची. दोन-दोन नोकऱ्या करून बाई पार पिळून निघाली होती, पण जिन्यात भेटली तर कमरेतून वाकून नमस्कार करणार, आणि ब्लाउजला कडक इस्त्री. तिचा बाप ओइताकडच्या डोंगरातल्या खेड्यात पोस्टमास्तर होता. फार कडक माणूस. कुणाचं काही घ्यायचं नाही, आणि घ्यावंच लागलं तर देणाऱ्याचा हात रिकामा परत पाठवायचा नाही, हे त्याने लेकीला इतकं घोटून शिकवलं होतं की तिला ते पाळल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता.

आता हे आपल्या सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. शेजारणीने भोपळ्याची भाजी पाठवली तर तिचा डबा आपण धुऊन तसाच देत नाही. पण ज्याच्या घरात दाणा आहे त्याने पाळायची ही गोष्ट आहे, असं मी म्हणते.

पोरीची अवस्था शाळेतून कशी कोण जाणे आमच्या महिला मंडळापर्यंत गेली. मंडळाच्या अध्यक्षा हत्तोरीबाई. यांचे यजमान पोलादाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. कारखाना गेला, हुद्दा गेला, पण बाईंच्या बोलण्यातून अजून निघत नाही. मनाने वाईट नाही हो बाई. नुसतं ठरवते आणि मग सगळ्यांनी ते करायचं. तिने ठरवलं की सुट्टीभर आपण आळीपाळीने मुत्सुमीकडे जेवणाचा डबा पोचवायचा. म्हातारीने स्वतःच सुरुवात केली. लग्नातले लाखेचे काळे डबे काढले, एकावर एक तीन, वर सोनेरी बगळे. त्यात तळलेली कोंबडी, गोड अंड्याची वळकटी, भाजलेला मासा, काळे घेवडे, सगळं कसं चित्रासारखं मांडलेलं. रेशमी फडक्यात बांधून ती जिना चढून स्वतः देऊन आली. मी खिडकीतून पाहिलं आणि खरं सांगते, त्या दिवशी मला हत्तोरीबाईंबद्दल बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुत्सुमी डबे परत द्यायला गेली. डबे धुतलेले, फडक्याला इस्त्री, आणि वर स्टेशनजवळच्या बड्या दुकानाच्या कागदात गुंडाळलेला मिठाईचा खोका. हत्तोरीबाई म्हणाल्या, अगं कशाला, याची काय गरज होती. मुत्सुमी म्हणाली, काही नाही, अगदी किरकोळ आहे. हे दोघींनीही म्हणायचंच असतं. मग त्यांनी खोका घेतला.

मग दुसरीचा डबा गेला, तिसरीचा गेला, आणि प्रत्येकीच्या घरी तसाच खोका आला. कुणाला लाल घेवड्याच्या सारणाची मिठाई, कुणाला तांदळाच्या खुसखुशीत चकत्या. डबा जितका भारी तितका खोका भारी. मंडळातल्या बायकांमध्ये तर चढाओढ लागली. एकीने मासा दिला म्हणून दुसरीने झिंगे दिले. मी यात नव्हते. माझा स्वयंपाक म्हणजे दुकान बंद करून उभ्या उभ्या खाल्लेल्या शेवया, त्या मी कुणाला काय पाठवणार.

ऑगस्ट लागला आणि पोरगी दुकानात यायला लागली. माझ्याकडे एसी चालू असतो, त्यांच्याकडे आई बंद ठेवायला सांगून जायची. काहो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून जुनी मासिकं चाळत राहायची. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कोडंच पडलं. सगळी वसाहत या मुलीला जेवू घालतेय, आणि ही सुट्टीआधी होती त्याहून निम्मी. कोपर तर असं वर आलेलं की बघवेना.

"काय गं," मी म्हटलं, "हत्तोरी आजींची कोंबडी खातेस कुठे? मांजराला घालतेस?"

ती हसली नाही. मासिक मिटलं, मांडीवर सरळ ठेवलं आणि माझ्याकडे तोंड करून नीट बसली. बँकेत काम घेऊन आलेल्या बाईसारखी.

"मावशी, तुमचं सगळे ऐकतात ना?"

"ऐकतात कसले, घाबरतात."

"मग तुम्ही त्यांना सांगाल? आमच्याकडे डबे पाठवू नका म्हणून."

मी समोरच्या गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावत होते. सुदैवाने ती बाई खुर्चीतच घोरत होती. मी ब्रश खाली ठेवला.

काहोने सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. डबा आला की त्या रात्री खूप छान जेवण होतं. पण मग आई लगेच शहरात जाते आणि खोका घेऊन येते. खोका आणला की पुढे काही दिवस घरात नुसता भात, त्यावर सोया सॉसचं पाणी, आणि आई म्हणते मला हॉटेलात खायला मिळालं. हॉटेलात काही मिळत नाही, हे काहोला माहीत आहे. आणि तोवर पुढचा डबा येतो. झिंगे आले त्या दिवशी तर आई डबा उघडून स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती उभी राहिली होती, कारण झिंग्यांना शोभेल असा खोका कुठला आणायचा ते तिला कळेना.

"डबे आले नसते तर निदान अंडं तरी असतं रोज," काहो म्हणाली. "पण आईला सांगू नका मी बोलले म्हणून. आणि त्या आज्यांनाही कारण सांगू नका. आई मरूनच जाईल."

मी वचन दिलं. द्यावंच लागलं. आणि पोरीच्या हातात गिऱ्हाइकांसाठीच्या बशीतली गोड गोळी ठेवली, तर तिने ती खिशात टाकली. आईसाठी.

मंडळाची बैठक होती त्या दुपारी मी दुकानाला कुलूप लावून गेले. जाताना मनात वाक्यं जुळवत होते. वचन मोडायचं नव्हतं आणि डबेही थांबवायचे होते. काहीतरी खोटं सांगावं, पोरीला माशाची ॲलर्जी आहे म्हणावं, की उन्हाळ्यात डबे आंबतात म्हणावं. मी आत गेले तर बायका जवाचा थंडगार चहा घेत बसल्या होत्या आणि मधोमध टेबलावर मुत्सुमीचे खोके. तीन-चार घरचे उरलेले खोके आणून तिथे मांडले होते. सगळ्या जणी मिठाई खात होत्या.

मला काही बोलायची गरजच पडली नाही. डबे बंद करायचं आधीच ठरलं होतं.

हत्तोरीबाई खोक्यावरचा कागद बोटाने गुळगुळीत करत म्हणाल्या, "हे बघा, या दुकानात मी स्वतः वर्षातून एकदा जाते. जिच्या घरी खायला नाही ती बाई हे आणेल का? आपल्याला उगाच पाझर फुटला."

दुसरी म्हणाली, तिच्या इस्त्रीवरूनच मला शंका आली होती. तिसरी म्हणाली, माहेरचं असेल बाई काहीतरी. मग पोरगी बारीक का, असं कुणीतरी विचारलं, तर हत्तोरीबाई म्हणाल्या, आजकालच्या मुलींना बारीकच राहायचं असतं, माझी नातही अशीच आहे. झालं. गरिबीचा निकाल लागला. त्या बायकांच्या ओठांना साखर चिकटलेली होती आणि ती साखर कुठून आली होती ते त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

माझ्यापुढेही बशी सरकवली गेली. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या, पण जीभ पोरीकडे गहाण. मी एवढंच म्हणाले, "मला नको. तुम्ही खा, तुमच्याच कष्टाचं आहे." त्यांना त्यातलं काही लागलं नाही. हत्तोरीबाई तर मान डोलावून हो म्हणाल्या.

म्हणजे काहोला हवं होतं ते झालं. डबे थांबले. मी तिला सांगितलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या आणि मला म्हणाली, मावशी, तुम्ही खरंच जबरदस्त आहात. मी काही केलं नाही हे सांगायला माझं तोंड उघडेना.

पण डबे थांबल्याने पोट भरत नाही. रोज एक अंडं परत आलं असेल नसेल. शाळा उघडायला अजून बरेच दिवस होते, आणि पोरगी स्टुलावरून उठताना भिंतीला हात लावून उठत होती. काही दिलं तर आईला कळणार, आई खोका आणणार. मी विचार करून करून थकले. मग एकदा केर काढताना माझ्याच हातातल्या झाडूकडे बघून मला सुचलं. दिलेल्याची परतफेड करावी लागते. पगाराची करावी लागत नाही.

मी काहोला कामावर ठेवलं. केस कापून झाले की झाडून घ्यायचं, टॉवेल घडी करायचे, दुपारी दाराशी पाणी शिंपडायचं. आणि पगार म्हणून माझ्याबरोबर जेवायचं. तिने लगेच हो म्हटलं नाही. आधी विचारलं, "हे उपकार नाहीत ना?"

"उपकार करायला मी काय हत्तोरी आजी आहे? केर राहिला तर पगार कापीन," मी म्हणाले.

काय सांगू, माझ्या घरात इतका स्वयंपाक नवरा होता तेव्हासुद्धा झाला नव्हता. सकाळी उठून मी भाताचे मुटके वळायचे, आत खारवलेला मासा नाहीतर आंबट प्लम. अंड्याची वळकटी मला कधी जमली नव्हती, ती शिकले. दुपारी मागच्या खोलीत आम्ही दोघी बसायचो. पहिले दोन-तीन दिवस ती इतकी भराभरा खायची की मला भीती वाटायची. मग हळूहळू सावकाश खायला लागली, मध्येच थांबून गप्पा मारायला लागली. गालावर जरा तजेला आला. गिऱ्हाइकांना ती गंभीर चेहऱ्याने "पुन्हा या" म्हणायची आणि त्या हसायच्या. मी एकटीच असताना आरशात स्वतःकडे बघून म्हटलं, मासुयो, तू या सगळ्यांना पुरून उरलीस.

ऑगस्टच्या मध्यावर पितरांचे दिवस संपले, त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी मुत्सुमी आली. मी दुकान आवरत होते. दार उघडलं, तिने पायातलं काढण्याआधीच वाकून नमस्कार केला आणि माझं लक्ष तिच्या हातातल्या पिशवीकडे गेलं. स्टेशनजवळच्या दुकानाची पिशवी.

"मासुयोताई, पोरीने तुम्हाला खूप त्रास दिला."

मी म्हणाले, त्रास कसला, माझ्याकडे काम करते ती, चोख काम करते, मी तिला पगार देते. मी जरा मोठ्यानेच बोलले असेन. मुत्सुमीचे डोळे इतके आत गेले होते की खालच्या काळ्या वर्तुळांवर तिने पावडर लावलेली मला स्पष्ट दिसली.

"नऊ वर्षांच्या मुलीला कुणी पगार देतं का, ताई?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही माझी लाज राखलीत, ते मला कळलं. म्हणूनच मला यावं लागलं. त्या सगळ्या बायकांना द्यायचं आणि तुम्हाला नाही, असं कसं चालेल?"

मी तिला बसवलं. मग मला जे कुणी विचारलं नव्हतं तेही मी बोलले. नगरपालिकेच्या मदत खात्यात जा म्हणाले, आपण कर भरतो, हक्काचं आहे, मी येते बरोबर. ती हसली. म्हणाली, गेले होते ताई. तिथले साहेब सभ्य होते. पण अर्ज केला की ते गावाकडच्या माझ्या भावाला पत्र पाठवणार, तुमच्या बहिणीला तुम्ही पोसू शकता का म्हणून. नियम आहे. ते पत्र ज्या पोस्टातून जाईल तिथे माझे वडील तीस वर्षं बसत होते. गावातला प्रत्येक माणूस ते पाकीट बाहेरून वाचील.

"वाचू दे की," मी म्हणाले. "पोरगी उपाशी मरतेय, मुत्सुमी."

"ती मरत नाहीये," ती म्हणाली. तिच्या मानेची शीर ताठ झाली. "माझी मुलगी भिकारी नाही. तिच्याकडे फक्त तेवढंच आहे, ते तरी तिला राहू दे."

आणि तिने दोन्ही हातांनी खोका पुढे केला. काय करायला हवं होतं मी? तो खोका म्हणजे त्या दोघींचं किती दिवसांचं जेवण आहे हे मला कळत होतं. नाकारला असता तर मी तिच्या तोंडात मारल्यासारखं झालं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून काहो माझ्या दारात दिसली नसती. मी दोन्ही हातांनी घेतला. म्हणाले, याची काय गरज होती. ती म्हणाली, अगदी किरकोळ आहे. आम्ही दोघींनी वाकून नमस्कार केला आणि ती सुपरमार्केटच्या पाळीला गेली. रात्री अंथरुणावर पडून मी तिला शिव्या घातल्या, तिच्या बापाला घातल्या, हत्तोरीबाईंना घातल्या, त्या सभ्य साहेबाला घातल्या. कुणाला लागल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी काहो वेळेवर आली. केर काढला, टॉवेल घडी केले. दुपारी मी मागच्या खोलीत मुटके मांडले, सूप गरम केलं आणि हाक मारली. ती दारातच उभी राहिली.

"मी आत्ताच जेवून आले, मावशी."

हे ती वाकून म्हणाली. कमरेतून, पाठ सरळ ठेवून, अगदी आईसारखी. आणि ती वाकलेली असतानाच तिच्या पोटातून आवाज आला, मोठा, दोघींनाही ऐकू येईल असा. ती सरळ झाली तेव्हा कान लाल झाले होते, पण चेहरा जागचा हलला नाही.

मी म्हणाले, बस मुकाट्याने, पगार आहे तो. ती म्हणाली, आईने सांगितलंय की पगार नसतो तो. मी म्हणाले, बरं, माझं नको खाऊस. मी कपाटातून खोका काढला आणि तिच्यासमोर कागद फाडला. आत कास्तेला केक होता, पिवळाधम्मक, वरून तपकिरी, खाली जाड साखरेचे दाणे बसलेले. खोलीभर मध-अंड्याचा वास सुटला. मी जाड तुकडा कापून बशीत घातला आणि तिच्यापुढे सरकवला. म्हटलं, हा तर तुझ्या आईनेच आणलाय. घरचाच आहे. यात कसले आलेत उपकार.

तिने बशीकडे पाहिलं. तिच्या घशातला आवंढा वर आला, खाली गेला. हात मात्र मागे धरलेले.

"तो आता तुमचा आहे," ती म्हणाली. "मी खाल्ला तर आईला आणखी एक आणावा लागेल."

तिने बशी दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्यासमोर नीट ठेवली, काटा उजवीकडे. मग गुडघे दुमडून बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुम्ही खा ना, मावशी. आईने खूप वेळ लावून निवडलाय. मला सांगितलंय, आवडला का ते बघून ये."

मी तुकडा तोडला आणि तोंडात घातला. तिचे ओठ माझ्याबरोबर हलले.

"गोड आहे ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले, "छान आहे," आणि ती बघत होती म्हणून सगळा संपवला.